मोनार्क मागवू नका, रुई उपटू नका

भुसावळच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. गेल्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये त्या टेक्सासला मुलीकडे राहून आल्या. तिथे मागच्या अंगणात मोनार्क फुलपाखरं यायची, मिल्कवीडच्या झाडावर अंडी घालायची. मुलगी आणि नातू अळ्या बरणीत वाढवायचे, रात्री दिव्यापुढे पांढरा पडदा टांगून त्यावर येणारे पतंग बघायचे. आता ताईंना भुसावळला घरामागच्या वीस बाय पंधरा फुटांच्या जागेत तेच करायचं आहे. मिल्कवीडचं बी ऑनलाइन मिळतं, ते मागवू का? फाल्गुन-चैत्रात कोणती फुलझाडं लावू? व्हरांड्यातल्या दिव्यावर येणारे पतंग ठेवायचे की मारायचे? अळ्या बरणीत वाढवल्या तर चालेल का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलं आहे की बाग करायची म्हणून कुंपणालगतची रुई, घोळ आणि रानवेली काढून जागा स्वच्छ केली, आणि गुलाबावर दर पंधरवड्याला फवारणी चालू आहे.

ताई, उत्तर तुमच्या त्या शेवटच्या वाक्यात आहे. काय लावू हे तुम्ही विचारलंत, पण काय काढायला नको होतं हा त्याआधीचा प्रश्न आहे. माझी सगळी नोकरी कृषी सहाय्यक म्हणून चोपडा-यावल पट्ट्यात गेली. कपाशीतल्या सापळ्यांमधले पतंग मोजणं हे पगाराचं काम होतं, आणि बाकीचे पतंग-फुलपाखरं बघणं बिनपगारी. या दुसऱ्या कामात एक गोष्ट पक्की कळली. फुलावर फुलपाखरू घटकाभर येतं आणि निघून जातं. ते तुमच्या बागेत राहतं ते पानासाठी, कारण अळी पान खाते, आणि प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचंच पान खाते. फूल हे त्याचं हॉटेल असेल, तर पान हे बाळंतपणाचं माहेर आहे.

आता मोनार्कचं. ते आपल्याकडे राहत नाही. तुम्ही टेक्सासात जे बघितलंत त्यामागे मोठी भानगड आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातले मोनार्क हिवाळा काढायला मेक्सिकोच्या डोंगरांत जातात. त्यांतले काही थेट कॅनडातून, चार हजार किलोमीटरच्या आसपास अंतर कापून. तिथे ओयामेल नावाच्या सूचिपर्णी झाडांना लाखोंनी लटकून बसतात. शास्त्रज्ञांना ती जागा सापडली १९७५ च्या जानेवारीत; डोंगरातल्या गावकऱ्यांना अर्थातच ती आधीपासून माहीत होती. मार्चमध्ये तीच फुलपाखरं परत उत्तरेकडे निघतात, आणि वाटेवर टेक्सास लागतं. नेमकं त्याच वेळी तिथे मिल्कवीड जमिनीतून फुटत असतं. म्हणजे तुम्ही जाऊन पोचलात ते तिथल्या सुगीला.

आपल्या वसंतात उलटं असतं. होळी झाली की पारा चाळिशीकडे निघतो, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, अंगणात दुपारी अनवाणी उभं राहता येत नाही. पळस, पांगारा, सावर फुलतात, निंबाला नवी पालवी आणि मोहर येतो, करंज चकचकीत होतो. पण जमिनीलगतचं सगळं वाळत असतं. खान्देशात फुलपाखरांची खरी सुगी श्रावणापासून दिवाळीपर्यंत. त्यामुळे चैत्रात टेक्सासइतकी गर्दी होणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. गर्दी नसते म्हणूनच एकेक जीव निवांत बघता येतो, हा त्यातला फायदा.

आणि मोनार्कचा चुलतभाऊ तुमच्याकडे आहेच. प्लेन टायगर. केशरी-तपकिरी पंख, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्या काळ्यात पांढरा तिरपा पट्टा, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, आणि उडणं अगदी संथ, कुणाचीच भीती नसल्यासारखं. मोनार्कच्या पंखांवर शिरांच्या जाड काळ्या रेघा असतात, तशा याला नसतात. तशा रेघांचं केशरी फुलपाखरू दिसलं तर तेही मोनार्क नाही, तो स्ट्राइप्ड टायगर. त्याच्याही पंखाच्या टोकाला तो पांढरा पट्टा असतो, मोनार्कला तिथे नुसते बारीक ठिपके. फोटो मुलीला पाठवण्याआधी एवढं बघून घ्या. तिघंही एकाच घराण्यातले, रुईच्या कुळातल्या चिकाळ झाडांवर वाढणारे. मिल्कवीड आणि आपली रुई एकाच कुळातली. तुम्ही ऑनलाइन जे शोधताय ते तुमच्या कुंपणाला फुकट उगवलं होतं.

रुई परत आणणं अवघड नाही. बहुधा मुळी जमिनीत शिल्लक असेल आणि फुटेलही. नाही फुटली तर रेल्वेलाइनच्या कडेला, पडीक जागेत, मारुतीच्या देवळामागे हवी तेवढी आहे. बोटाएवढ्या जाडीची फांदी तोडून, एक दिवस सावलीत चीक वाळू देऊन कुंडीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये लावा. फार पाणी नको. उंच वाढली की छाटा. नव्या फुटव्यावरची कोवळी पानं अळ्यांना जास्त आवडतात. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या: रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. छाटताना चष्मा घाला, हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका, आणि नातू सुट्टीत आला तर त्याला पान तोडायला लावू नका. बघायला काही हरकत नाही.

आता काय बघायचं ते सांगतो. मादी रुईवर आली की फुलाकडे न जाता पानाच्या कडेवर बसते, पोट वाकवून पानाखाली टेकवते आणि उडते. तिथे पान उलटून बघा. मोहरीपेक्षा लहान, पिवळसर पांढरं, उभ्या रेघांचं एकच अंडं. एका जागी एकच, कारण दुसऱ्या अळीशी तिला वाटणी नको असते. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि आधी अंड्याचं कवचच खाते. पुढे ती मोठी झाली की काळे, पांढरे, पिवळे आडवे पट्टे दिसतात आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच जोड्या असतात, म्हणून टेक्सासचा फोटो शेजारी धरला की फरक लगेच कळेल.

आणि ती जेवते कशी ते जरूर बघा, त्यासाठी सकाळी अर्धा तास काढा. रुईच्या पानातून चीक दाबाने येतो; बेसावध किड्याचं तोंडच चिकटून जाईल. मोठी झालेली अळी आधी पानाच्या जाड शिरेला देठाकडच्या बाजूने चावा घेते. तिथून चीक गळून जातो, पान त्या जागी किंचित झुकतं, आणि मग ती पुढच्या भागात जाऊन निवांत खायला लागते. नळाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करूनच पुढचं काम करायचं, एवढी अक्कल तिला कुणी शिकवलेली नाही. रुईतलं विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरू झाल्यावरही राहतं. पक्षी एकदा चव घेतो, ओकतो, आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. तो संथ, बेफिकीर उडण्याचा तोरा त्यातूनच आलेला आहे.

या विषारी फुलपाखराची नक्कल करणारं एक फुलपाखरू तुमच्या बागेत येऊ शकतं, आणि इथे तुमची घोळ कामाला येते. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, पण तिच्या अंगात विष नाही. नुसत्या वेशावर ती पक्ष्यांपासून वाचते. ओळखायची खूण अशी की प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात, आणि या नकली बाईच्या पंखावर वरच्या कडेला एकच. नर तर वेगळाच दिसतो, काळा, वर पांढरे मोठे गोल आणि त्यांना निळसर जांभळी झाक. त्यांच्या अळ्या घोळीवर वाढतात. आपण जी भाजी खातो तीच घोळ. कुंडीच्या कडेने थोडी वाढू द्या, तुम्हालाही भाजी होईल आणि त्यांनाही.

मिल्कवीडच्या बियांबद्दल. बाजारात त्या नावाने बहुतेकदा लाल-पिवळ्या फुलांचं जे झाड मिळतं त्याला आपल्याकडे हळदीकुंकू म्हणतात, ते मूळ अमेरिकेच्या उष्ण भागातलं. त्याच्यावरही प्लेन टायगर अंडी घालतं, आणि फुलंही छान. एखादं आधीच असेल तर राहू द्या. पण मुद्दाम मागवायचं कारण नाही, देशी रुई पुरते. तुमच्या मुलीने सांगितलं असेल की हे झाड हिवाळ्यात छाटून टाका, नाहीतर मोनार्कना रोग होतो. तिथे ते खरं आहे. बारमाही हिरव्या राहिलेल्या झाडावर एका सूक्ष्म परजीवीचे बीजाणू साठत जातात आणि काही मोनार्क स्थलांतरच थांबवतात. तो हिशेब त्यांच्या स्थलांतराचा आहे, जसाच्या तसा आपल्याला लावू नका. आणि तिकडून कोष किंवा अळ्या मागवायचा विचार चुकूनही करू नका. परका जीव आणि त्याच्यासोबत येणारे रोग, दोन्ही नकोत.

रुई वाढली की दोन पाहुणे हमखास येतील आणि तुमचा हात फवारणीच्या पंपाकडे जाईल. एक पिवळाधमक मावा, कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीने. दुसरा निळा-पिवळा रंगीत नाकतोडा, तोही रुईचाच भक्त. माव्याला पाण्याची जोरात पिचकारी पुरते, नाहीतर शेंडाच छाटा. नाकतोडे संध्याकाळी सुस्त असतात, हाताने झटकून कुंपणाबाहेर टाका. सगळं झाड ओकंबोकं झालं तरी घाबरू नका, रुई मरत नाही.

बाकी झाडं कोणती, हे तुमच्याकडे पाणी किती, ऊन किती आणि शेजारी काय फवारतो यावर आहे. जागा न बघता यादी देणारा माणूस नर्सरीवाला असतो. तरी भुसावळच्या काळ्या मातीत आणि तुमच्या एवढ्या जागेत मी काय करेन ते सांगतो. कढीपत्ता आणि कागदी लिंबू बहुतेक घरी असतात. त्यांवर लिंबाचं फुलपाखरू येतंच. त्याची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून लोक पुसून टाकतात. पुसू नका. शेताच्या बांधावर जमिनीलगत किडामार नावाची कडू, उग्र वासाची वेल असते, तिच्यावर कॉमन रोझ आणि क्रिमसन रोझ वाढतात; बांधावरून मुळासकट एखादी उचलून आणा. कंपाउंडबाहेर पडीक जागा असेल आणि तिथे नेपतीचं काटेरी झुडूप असेल तर ते तोडू देऊ नका, पायोनियर नावाचं पांढरं, काळ्या शिरांचं फुलपाखरू त्यावर येतं आणि भर उन्हातही दिसतं. बहावा तुमच्या जागेत मावणार नाही, पण रस्त्याकडेला असेल तर मे-जूनमध्ये नव्या पालवीवर पिवळसर एमिग्रंट फुलपाखरांची लगबग बघा. आंब्यावर बांडगूळ असेल तर ते काढायचं की नाही हा आंब्याच्या मालकाचा प्रश्न, पण जेझबेल नावाचं लाल-पिवळ्या नक्षीचं सुंदर फुलपाखरू बांडगुळावरच वाढतं.

एक गंमत सांगतो, ती पुस्तकात वाचण्यापेक्षा बघायला मजा येते. प्लेन टायगर आणि त्याच्या भाऊबंदांतले नर खुळखुळा, ताग, भुरुंडी अशा झाडांच्या वाळक्या, मोडक्या फांद्यांवर जमतात आणि सोंडेने ते वाळकं खरवडत चाटत बसतात. त्यातली द्रव्यं त्यांना मादीला भुलवायच्या वासासाठी लागतात. हिरवळीच्या खतासाठी शेतात ताग केला असेल तर एक पेंढी आणून कुंपणाला उलटी टांगा. फुलझाड नसताना फुलपाखरं येतील. त्याच तागावर आणि खुळखुळ्यावर पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला एक चिमुकला पतंगही येतो, दिवसाढवळ्या. लोक त्याला फुलपाखरूच समजतात.

फुलांपैकी, तुमचे गुलाब-शेवंती राहू देत, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. भरगच्च पाकळ्यांच्या कलमी फुलात फुलपाखराला मध मिळत नाही किंवा पोचता येत नाही. लॉनमध्ये आपोआप उगवणारी एकदांडी, जिचा पाला जखमेला लावतात, ती लहान फुलपाखरांची खरी खाणावळ आहे. घाणेरीवर फुलपाखरं येतात म्हणून ती लावा असं कुणी सांगेल. लावू नका, सातपुड्याच्या पायथ्याचं तिने काय केलं ते मी पाहिलं आहे. तिच्याऐवजी एक्झोरा किंवा साधा एकेरी झेंडू चालेल. आणि चैत्रात फुलापेक्षा पाणी मोलाचं. टाकी भरून वाहते तिथे किंवा नळाखाली परातीएवढी जागा मातीची ठेवा, रोज सकाळी ओली करा, वर चिमूटभर राख टाका. नर फुलपाखरं चिखलातले क्षार शोषायला येतात आणि अशी गुंगून बसतात की गुडघ्यावर बसून जवळून बघता येतं. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा. नंतर उन्हात तुम्हीही बसू नका. फुलपाखरंही सावलीत पानाखाली लटकलेली असतात.

राज्य फुलपाखरू म्हणून २०१५ साली ज्याला मान मिळाला तो ब्लू मॉर्मन तुमच्या बागेत येईल का, असा पुढचा प्रश्न असेल. तो मुख्यतः सह्याद्रीच्या ओल्या झाडीतला. भुसावळला त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. जंगलातलं बघायचं असेल तर पावसाळ्यानंतर पाल गावाकडे यावल अभयारण्यात किंवा चाळीसगावजवळ पाटणादेवीला जा.

इथपर्यंतचा सारांश एवढाच की रुई, घोळ, कढीपत्ता, ओली माती, आणि फवारणी बंद. आता रात्रीकडे येतो.

आपल्याकडे पतंग म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर बोंडअळी येते, आणि त्याचा दोष नाही. गुलाबी बोंडअळी, घाटेअळी, २०१८ पासून मक्यावर आलेली अमेरिकन लष्करी अळी, या सगळ्या पतंगांच्याच अळ्या. पण भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत, आणि पिकाला त्रास देणाऱ्या त्यातल्या मोजक्या. तुमच्या दिव्यावर फाल्गुनात बारीक, करड्या-तपकिरी रंगाचे पतंग जास्त येत असतील तर शेजारीपाजारी कुणी जळणासाठी पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांची, गंजी रचून ठेवली आहे का ते बघा. गुलाबी बोंडअळी वाळक्या बोंडात झोपून राहते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यातून पतंग निघतात. तिथे उपाय पऱ्हाटीची विल्हेवाट लावणं, दिव्यावरचे पतंग चपलेने मारणं नव्हे. दिव्याखाली मेलेल्या दहा पतंगांनी कुणाची कपाशी वाचत नाही. म्हणूनच शेतात कामगंध सापळा लावतात. त्यातली गोळी एकाच जातीच्या मादीचा वास सोडते आणि त्याच जातीचे नर अडकतात. बाकीच्यांना धक्का लागत नाही. घरच्या दिव्याला असा विवेक नसतो.

पतंग बघायचे तर असं करा. पांढरी चादर दोरीवर टांगा, खालचा काठ जमिनीवर पसरू द्या, आणि पुढे दिवा लावा. हल्लीचे पांढरे एलईडी बल्ब फारसे कामाचे नाहीत, कारण त्यांतून अतिनील प्रकाश जवळजवळ निघत नाही. अतिनील एलईडीची पट्टी किंवा ट्यूब मिळते, तिने फरक पडतो. फक्त तिच्याकडे टक लावून बघायचं नाही. अमावस्येच्या आसपास, वारा पडलेला असताना, साडेसात ते दहा. दहाला दिवा बंद. रोज लावायचा नाही, आठवड्यातून एखादा दिवस पुरे. पतंग दिव्यावर प्रेमाने येत नाहीत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्याने दिसलं की उडताना ते पाठ उजेडाकडे ठेवतात; आकाश वर असतं तेव्हा त्याने तोल राहतो, पण दिवा जवळ आला की त्याच सवयीने ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. रात्रभर दिवा ठेवला तर ते अंडी न घालता दमतात आणि पहाटे कोतवाल, बुलबुल आणि भिंतीवरची पाल यांचा नाश्ता होतो. व्हरांड्यातला दिवाही झोपताना बंद करा, गरज असेल तर मंद पिवळा लावा.

चैत्रात पडद्यावर फार काही येणार नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर जो लोंढा येतो तो वेगळाच, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग-सप्ताह असतो, तेव्हा जरूर लावा. वसंतात पडद्यापेक्षा फुलांकडे बघा. मधुमालतीची वेल असेल तर सूर्य मावळल्यावर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसा. कळी संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल होते. पांढरी असताना तिचा वास सुटतो आणि लांब नळीच्या तळाशी मध असतो. तिथे हॉकमॉथ जातीचे पतंग येतात. फुलावर न बसता हवेत तरंगत लांब सोंड आत घालतात, पंखांचा नुसता घूं आवाज. बघणाऱ्याला पक्षी वाटतो. रातराणी, मोगरा, पारिजातक यांचाही पांढरा रंग आणि रात्रीचा वास याच गिऱ्हाइकांसाठी असतो.

तुमच्या तगरीकडे लक्ष ठेवा. तगर आणि कण्हेर यांवर ओलिअँडर हॉकमॉथची अळी येते. बोटाएवढी हिरवी, बाजूने पांढरे बारीक ठिपके, मागे लहानसं शिंग. छेडलं की मान आत घेते आणि डोक्यामागचे दोन निळे-पांढरे डोळे फुगवून दाखवते. ते डोळे खोटे असतात. कोष करायच्या वेळी ती तपकिरी पडते आणि खाली उतरून पाचोळ्यात शिरते, म्हणून तगरीखालचा पालापाचोळा झाडू नका. अंगण झाडा, तेवढी जागा सोडा. त्यातून निघणारा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा, आणि माझ्या मते खान्देशात घराजवळ दिसणाऱ्या पतंगांत याच्या तोडीचा दुसरा नाही. कण्हेरीवरच कॉमन क्रो फुलपाखराचा कोषही सापडेल, चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकणारा. कण्हेर मात्र विषारी, एवढं लक्षात ठेवा.

शेत किंवा शेतकरी नातेवाईक असतील तर उन्हाळी तिळात फेरी मारा. शेपटीवर वाकडं शिंग असलेली, तिरप्या पट्ट्यांची भली मोठी अळी दिसली तर ती डेथ्स हेड हॉकमॉथची. पतंगाच्या पाठीवर कवटीसारखी खूण असते, आणि हातात धरला तर तो चक्क चिरकतो. लोक अपशकुन मानतात. प्रत्यक्षात तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरणारा भुरटा चोर आहे. एखाददुसरी अळी तिळाचं काही बिघडवत नाही. मोसंबीची बाग मात्र कुणाची असेल तर एक उलटी बाजूही सांगितली पाहिजे: फळात सोंड खुपसून रस शोषणारे पतंग गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात. बागायतदाराने बांधावरची वासनवेल काढली तर त्याचं बरोबर आहे. तुमच्या घरामागे गुळवेल असली तर काहीच बिघडत नाही, उलट त्या पतंगाचे नारिंगी मागचे पंख बघण्यासारखे असतात. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे जागेवर ठरतं, ते असं.

एक फुकटचा उपाय आपल्या भागाला शोभणारा. जास्त पिकलेली, काळी पडलेली दोन केळी कुस्करून, त्यात गुळाचा खडा घालून एक दिवस झाकून ठेवा आणि संध्याकाळी झाडाच्या खोडावर फासा. फुलावर कधीच न येणारी करडी-तपकिरी इव्हनिंग ब्राऊन फुलपाखरं आणि बरेच पतंग त्यावर येतात. मुंग्याही येतात, त्याला इलाज नाही.

फवारणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळं तिथेच अडतं. गुलाबावरचा रासायनिक फवारा तुमच्या पंधरा फुटांत सगळीकडे जातो. "मी फक्त निंबोळी अर्क मारते" किंवा "बीटी मारतो, ते सेंद्रिय आहे" असंही लोक सांगतात. अळीला ते सेंद्रिय आहे हे कळत नाही. बीटी हे जिवाणूंपासून केलेलं औषध तर अळी मारण्यासाठीच असतं, बोंडअळी आणि फुलपाखराची अळी हा भेद ते करत नाही. गुलाबाला मावा आला तर पाण्याने धुवा. गुलाब हवेच असतील तर घराच्या पुढच्या बाजूला न्या, आणि मागची जागा बिनफवारणीची ठेवा. नर्सरीतून नवीन रोप आणलं तर पहिले काही आठवडे त्यावरच्या अळ्यांचा भरवसा धरू नका, कारण मुळातून शोषलं जाणारं औषध तिथे सर्रास वापरतात आणि ते पानात टिकून राहतं.

राहिला बरणीचा प्रश्न. नातवाला दाखवायला एखादी अळी आत घ्या, सगळ्या नको. बरणीऐवजी जाळीचं झाकण असलेला मोठा डबा घ्या, तळाला कागद, रोज ताजं रुईचं पान, विष्ठा रोज साफ. पाण्याची वाटी आत ठेवू नका, बुडतात. अंगावर केस असलेला कुठलाही सुरवंट हाताने उचलू नका. प्लेन टायगरची अळी गुळगुळीत असते, तिचा त्रास नाही. बाहेरून आणलेल्या मोठ्या अळीच्या कोषातून फुलपाखराऐवजी कधी कधी बारीक दोरे लोंबताना दिसतात आणि खाली माशीचे कोष पडलेले असतात. अळीच्या अंगात आधीच माशीने अंडी घातलेली असतात, त्यात तुमची काही चूक नसते, आणि त्या माश्याही बागेला लागतातच. ते टाळायचं तर अंडं असतानाच पान आत आणा. कोष हिरवा किंवा गुलाबीसर, वर सोनेरी ठिपक्यांची ओळ असलेला. तो काळपट दिसायला लागला आणि आतून पंखांची केशरी नक्षी दिसली की पुढची सकाळ मोकळी ठेवा. अंड्यापासून तिथपर्यंत साधारण तीन-चार आठवडे, उन्हाळ्यात थोडे कमीच. पंख वाळायला दोनेक तास द्या, त्या वेळात हात लावू नका. एप्रिल-मेमध्ये दहाच्या आत सोडा. उशीर झालाच तर डबा सावलीत ठेवून पाच वाजेपर्यंत थांबा, दुपारी बाहेर काढू नका.

फोटो काढले की बटरफ्लाइज ऑफ इंडिया आणि मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर जुळवून बघा. पतंगांचे फोटो वरून, पंख पसरलेले असताना काढा आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. ओळख पटली नाही तर अंडं किंवा अळी कोणत्या झाडावर होती ते लिहून ठेवा. नावाचा निम्मा शोध त्या झाडानेच लागतो, आणि इथे विचारलंत तरी मी आधी तेच विचारणार आहे.